हवेतला त्रिकोण

वॉराडेलच्या कलादालनात शहरातून चार जुनी-नवी चित्रं येणार आहेत आणि त्यांच्याशेजारी गावातल्याच लोकांनी लिहिलेला मजकूर लागणार आहे, ही बातमी वाचली त्याच दुपारी अल्विन पॅस्कोने ठरवून टाकलं की चारही चित्रांवर आपणच लिहायचं. दुसरं होतं कोण? मेंढ्यांचा बाजार, लोकरीची गोदामं आणि फुटबॉलचा क्लब एवढ्यावर चाललेलं गाव. त्यात चौतीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवलेला माणूस एकच. निम्म्या गावाला युरोपातल्या मोठ्या चित्रकारांची नावं त्याने फळ्यावर लिहून दिली होती आणि उरलेल्या निम्म्याला ती त्यांच्या पोरांनी घरी येऊन सांगितली होती.

अट साधी होती. शंभर-दीडशे शब्दांत लिहायचं, चित्रात तुम्हाला काय दिसतं ते. नाव छापणार नाहीत, फक्त वय आणि व्यवसाय. निवड करणार कलादालनाची प्रमुख टॅम्सिन डॉयल. ही टॅम्सिन म्हणजे अल्विनचीच जुनी विद्यार्थिनी.

"आता ती मला पास करणार की नापास ते बघायचं," तो बायकोला म्हणाला. "अठरा वर्षांची होती तेव्हा घोडा काढला की कुत्रा वाटायचा. मी तोंडावर सांगितलं होतं, तुला नजर नाही म्हणून."

"हो का," ग्लेनिस म्हणाली. ती वाटाणे सोलत होती.

ग्लेनिसने सत्तावीस वर्षं नगरपालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीवर काढली होती. चित्रांबद्दल ती कधी काही बोलत नसे. लग्न झाल्यापासून सुट्टीला जिथे म्हणून गेले तिथलं संग्रहालय अल्विनने तिला दाखवलं होतं, म्हणजे ती चित्रासमोर उभी राहायची आणि तो तिच्या खांद्यामागून सांगायचा. उजेड कुठून येतोय, कुठल्या रंगावर कुठला रंग बसलाय, चित्रकाराने नजर कशी फिरवून आणलीय. ती मान हलवायची. ती ऐकते, समजून घेते, अशी त्याची खात्री होती, आणि आपला संसार चांगला झाला याचं एक कारण तो हेच मानायचा.

तीन आठवडे तो लिहीत बसला. मागच्या पडवीला काचा लावून केलेल्या खोलीत त्याचं टेबल होतं. शहरातून आलेल्या माहितीपत्रकात चारही चित्रं छापली होती. एक सतराव्या शतकातलं डच स्वयंपाकघर, टेबलावर अर्धवट सोललेलं लिंबू आणि ओट्याशी पाठमोरी बाई. एक इथलंच, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं. दुष्काळात भेगाळलेली जमीन, झोपडीच्या दारात मूल कडेवर घेतलेली बाई आणि घोड्यावरून निघालेला नवरा. एक साठ वर्षांपूर्वीचं, भिंतभर तांबडं-तपकिरी, ज्यात काहीच काढलेलं नाही असं लोकांना वाटावं. आणि चौथं, सर्वांत जुनं. पाचशे वर्षांपूर्वी कुणा अनाम चित्रकाराने लाकडी फळीवर रंगवलेली मेरी; मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली. मागे तीन माणसं.

हे चौथं त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं. त्यात त्याला स्वतःचं काही सांगायचं होतं.

अल्विन आणि ग्लेनिसचा पहिला मुलगा चार वर्षांचा होऊन वारला होता. मेंदूज्वर. १९८१ सालचा ऑगस्ट महिना. सोमवारी ताप आला आणि बुधवारी दुपारी संपलं. त्यानंतर दोन वर्षांनी ब्रॉनविन झाली, ती आता लांब पर्थला असते. त्या बुधवारबद्दल नवरा-बायको आपसात कधी बोलले नव्हते. पण अल्विन वर्गात बोलायचा. दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या पोरांना तो हे सांगायचा. आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभा होतो, तिथे मला एक चित्र आठवलं आणि त्या चित्राने मला पडू दिलं नाही. एखाद-दुसरी मुलगी डोळे पुसायची. चौतीस वर्षांच्या नोकरीत आपण सर्वांत चांगलं काय शिकवलं असं कुणी विचारलं असतं तर त्याने त्याच तासाकडे बोट दाखवलं असतं.

लिहून झालं त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याने ते ग्लेनिसला वाचून दाखवलं. मटणाच्या चापा होत्या, उकडलेले बटाटे होते. त्याने चष्मा लावला, घसा साफ केला.

"'ज्या दिवशी माझं मूल गेलं, त्या दिवशी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये मला अशाच एका चित्राची आठवण झाली. आईचं मस्तक हे शिखर. तिच्या वस्त्राचा घेर हा पाया. मुलाचा देह त्या दोहोंना बांधणारी आडवी रेषा. शोकाला त्रिकोणाचा आकार मिळाला की तो ढासळत नाही, उभा राहतो. मी माझ्या पत्नीला तो त्रिकोण समजावून सांगितला. त्या दिवशी आम्हा दोघांना कलेनेच सावरलं.'" त्याने कागद खाली ठेवला. "पुढे थोडं रंगांबद्दल आहे. कसं वाटलं?"

ग्लेनिसने सुरी-काटा ताटात नीट शेजारी शेजारी ठेवला. ताटात अर्धी चाप तशीच होती.

"शब्द जास्त नाही ना झाले?" ती म्हणाली.

"एकशे अठ्ठेचाळीस."

"मग बसतंय." ती उठली आणि ताटं घेऊन आत गेली.

जानेवारीअखेर टॅम्सिनचं पत्र आलं. सर, तुमचे चारही लेख वाचले, फार अभ्यासपूर्ण आहेत. पण या वेळी आम्हाला जरा वेगळ्या प्रकारचं लेखन हवं होतं, तेव्हा माफ करा. उद्घाटनाला मात्र नक्की या.

अल्विनने ते पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा ग्लेनिसला वाचून दाखवलं. ती इस्त्री करत होती.

"अभ्यासपूर्ण, म्हणे! शिवी घातल्यासारखं लिहिलंय बघ. यांना अभ्यास नकोय. यांना कुणीतरी येऊन 'आई गं, किती छान' म्हणायला हवंय."

"लावू दे की तिला काय लावायचंय ते."

"लावेल ना. ट्रक ड्रायव्हरचं लावेल, शेळ्या राखणाऱ्याचं लावेल. सूड आहे हा, ग्लेनिस, सरळ सूड. घोड्याचा कुत्रा म्हटलं होतं ना मी."

ग्लेनिसने शर्टाची कॉलर उलटी केली आणि तिच्यावरून इस्त्री फिरवली.

उद्घाटन फेब्रुवारीतल्या, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका शनिवारी सकाळी होतं. उत्तरेकडचा तापलेला वारा सुटला होता, रस्त्यावर माश्या तोंडावर बसत होत्या. ग्लेनिस म्हणाली, माझा गुडघा दुखतोय, तू जाऊन ये. अल्विनला ते बरंच वाटलं. तो एकटा नव्हताच जाणार. गावातल्या निवृत्त लोकांचा एक गट होता, त्यांना तो महिन्यातून एकदा फुकट चित्रं समजावून सांगायचा. सहा-सातजण असायचे. त्यातले दोघे पक्के. एक लायनेल, हार्डवेअरचं दुकान विकून मोकळा झालेला जाडजूड माणूस, दर वेळी चष्मा घरी विसरणारा. दुसरी जॉसलिन, गुरांच्या डॉक्टरांची विधवा, मनात येईल ते मोठ्याने बोलणारी. दोघंही दहा-बारा वर्षांपूर्वीच या गावात राहायला आलेले.

आत गार होतं. एका टेबलावर चीजचे तुकडे आणि स्वस्तातली वाईन मांडली होती. अल्विनने आपला गट घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

तांबड्या चित्राशेजारी एका ट्रक ड्रायव्हरने लिहिलं होतं, की धुळीच्या वादळात गाडी थांबवून काचा बंद करून बसलं की पुढच्या काचेतून नेमकं हेच दिसतं, आणि त्या वेळी माणूस आपल्या बायकोचा फार विचार करतो.

"घ्या," अल्विन म्हणाला. "सांगितलं नव्हतं? अहो, त्या चित्रकाराने आकार टाकून देण्यासाठी वीस वर्षं घालवली, आणि याला त्यात काच दिसते. गाडीची."

"मला पण तसंच वाटलं खरं," लायनेल पुटपुटला.

डच स्वयंपाकघराशेजारी दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एका मुलीने लिंबाबद्दल लिहिलं होतं. झोपडीच्या चित्राशेजारी एका शेतकरणीने लिहिलं होतं, की नवरा घोड्यावरून जातोय ते दुःख नाहीच, ती पाण्याची बादली रिकामी आहे ते बघा. अल्विनने दोन्ही मजकूर दोन-दोन वाक्यांत निकालात काढले. त्याला आता सूर सापडला होता. आजूबाजूची आणखी पाच-सहा माणसं ऐकायला थांबली होती. त्यात त्याचाच एक जुना विद्यार्थी होता, आता चाळिशीचा, लहान मुलीला खांद्यावर बसवलेला.

"आणि हे," तो मेरीच्या चित्रासमोर येऊन म्हणाला, "हे या चारांतलं खरं. याच्यावर कुणी काय लिहिलंय ते बघू या."

"वाचून दाखवा हो, मास्तर," लायनेल म्हणाला. "चष्मा राहिला माझा."

अल्विनने खिशातून स्वतःचा चष्मा काढला आणि वर्गात वाचायचा तशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते समोर नव्हतं. माझ्या नवऱ्याने ते मला शब्दांत सांगितलं, दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, १९८१ साली. आमचा मुलगा जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.'"

इथे त्याने थांबायला हवं होतं. पण सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि थांबलो तर का थांबलो ते सांगावं लागेल, एवढंच त्याला त्या क्षणी कळलं. तो वाचत राहिला.

"'माझ्या एका हातात त्याचे बूट होते. दुसऱ्या हातात त्याच्या कपड्यांची पिशवी आणि नवऱ्याचा कोट. नवऱ्याचे दोन्ही हात मोकळे होते, कारण तो हवेत त्रिकोण काढून दाखवत होता. तो म्हणाला की शोकाला आकार असतो. मला बसायला हवं होतं, पण तो उभा होता म्हणून मीही उभी राहिले.

"'परवा माहितीपत्रकात मी ते चित्र खरोखर पाहिलं. मला त्रिकोण सापडला नाही. मला दिसलं ते हे. चार वर्षांचं मूल झोपलं तरी जड होतं, आणि हा तर पुरा वाढलेला मुलगा आहे. तिची मांडी बधिर झाली असणार. कुणीतरी पुढे होऊन त्याला जरा वेळ धरायला हवं होतं. मागे तीन माणसं उभी आहेत. तिघंही भलतीकडेच बघतायत.'"

त्याने चष्मा काढला.

"झालं?" लायनेलने विचारलं.

"झालं."

"नाही झालं," जॉसलिन पुढे वाकून म्हणाली. "अजून एक ओळ आहे. 'त्याचं नाव ओवेन होतं.' आणि खाली, वय सत्तर, निवृत्त कारकून." ती सरळ झाली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्यामुळे तिला रागही आला होता. "काय मेला माणूस आहे हो! पोर जाऊन जेमतेम चाळीस मिनिटं झालीयत आणि हा त्रिकोण काढतोय! मी असते ना, हातातली पिशवी घातली असती डोक्यात."

"त्याला..." अल्विन चष्मा दुमडत म्हणाला. "त्याला बहुतेक दुसरं काही सुचलं नसेल."

"मग गप्प बसायचं," लायनेल म्हणाला. "गप्प बसायला काय सुचावं लागतं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. जुन्या विद्यार्थ्याने मुलीला खांद्यावरून खाली घेतलं. तो अल्विनकडे बघत होता आणि अल्विनने बघितल्यावर त्याने घाईने नजर चित्राकडे वळवली. त्याने तो तास ऐकला होता. कॉरिडॉर, त्रिकोण, सगळं.

टॅम्सिन तिच्या ऑफिसच्या दारातच उभी होती. तो आत गेला तशी तिने दार लावून घेतलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो, सर. दोन्ही कागद माझ्या टेबलावर होते."

"आणि तरी तू ते लावलंस? चार माणसांत माझी अब्रू..."

"नाव कुठेच नाही, सर."

"इतक्या वर्षांच्या बॅचेसना ती गोष्ट सांगितलीय मी! तू होतीस त्या वर्गात. रडली होतीस तू, मला आठवतंय."

"होते ना. रडलेही होते." टॅम्सिनचा आवाज चढला नाही. "मी त्यांना विचारलं, मिसेस पॅस्को, हे खरंच लावू का. त्या म्हणाल्या, लाव. मग तुमचा कागद पुन्हा वाचला. तुमचं लिहिणं चांगलंच आहे, सर, ते कोण नाही म्हणेल. पण पानभर मजकुरात तुमच्या मुलाचं नाव कुठे येत नाही. मी तीनदा शोधलं."

"तू मला शिकवतेस?"

"नाही, सर."

"काढ ते भिंतीवरून."

"त्यांनी सांगितलं तर काढीन. त्यांचं आहे ते."

तो गाडी घेऊन घरी आला. ग्लेनिस मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. वाऱ्याने ओल्या चादरी अंगावर येत होत्या आणि ती त्या हाताने बाजूला करत चिमटे लावत होती. गुडघ्याला काही झालेलं दिसत नव्हतं.

"वाचलं मी," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. मोठ्याने."

तिने तोंडातला चिमटा काढून दोरीवर लावला. "मोठ्याने कशाला वाचायचं?"

"बेचाळीस वर्षं, ग्लेनिस! बेचाळीस वर्षांत एका शब्दाने बोलली नाहीस. आणि बोललीस ती भिंतीवर?"

"तू विचारलंस कधी?"

"मला वाटलं तुला धीर आला. मला खरंच वाटत होतं की..."

"माहितीये तुला काय वाटत होतं ते. शाळेच्या प्रत्येक पालकसभेला कोणीतरी बाई येऊन माझा हात धरायची. म्हणायची, मिसेस पॅस्को, किती भाग्याच्या तुम्ही, असा नवरा मिळाला. दरवर्षी, अल. दरवर्षी मी थँक्यू म्हणायचे. मला वाटलं, नोकरी संपेल तेव्हा संपेल. ते बायकांचं येणं संपलं, तुझं चालूच. त्या दिवशी जेवताना तू ते वाचलंस, आणि वर विचारतोस, कसं वाटलं."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस."

"तू दुरुस्त केलं असतंस. म्हणाला असतास, तसं नव्हतं, असं होतं. मग मला समजावून सांगितलं असतंस."

एक चादर सुटून त्याच्या तोंडावर आली. त्याने ती झटकली.

"काय करायला हवं होतं मी?" तो ओरडला. "सांग ना! त्या कॉरिडॉरमध्ये काय करायचं असतं बापाने?"

ग्लेनिसने टोपलीतली उशीची खोळ उचलली, झटकली, आणि मग तशीच हातात धरून उभी राहिली.

"आत जायचं असतं," ती म्हणाली.

तो सुटलेली चादर गोळा करू लागला.

"नर्स दोनदा बाहेर आली होती. पहिल्यांदा म्हणाली, मिस्टर पॅस्को, तुम्हाला आत येऊन बघायचं असेल तर. तू म्हणालास, हो, आलोच. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, आता त्याला खाली न्यावं लागेल. तू बोट वर केलंस, एक मिनिट म्हणून, आणि वाक्य पुरं केलंस. मेरीच्या कपड्याच्या घेराचं. तेवढ्यात त्याला घेऊन गेले. मी आधी एकटीनेच आत जाऊन बघितलं होतं त्याला. तू नाहीच बघितलंस." ती पुन्हा दोरीकडे वळली. "हे मी लिहिलं नाही. लिहिणार होते. मग म्हटलं, राहू दे."

अल्विनला ते बोट आठवलं. नर्सचा चेहरा नाही, दार नाही, पण आपलं वर केलेलं बोट आठवलं, आणि त्यापुढचं काही आठवेना. इतकी वर्षं त्याने सांगितलेल्या गोष्टीत दार नव्हतंच. नुसता लांबलचक कॉरिडॉर होता आणि तो.

"काढायला सांग ते," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात जोर नव्हता. "प्लीज. लोकांना कळेल."

"एप्रिलपर्यंत आहे प्रदर्शन," ग्लेनिस म्हणाली. "राहू दे तोपर्यंत."

लोकांना कळलंच. त्या जुन्या विद्यार्थ्याने बायकोला सांगितलं असेल, बायकोने आणखी कुणाला. दोन आठवड्यांत हायस्कुलातल्या जुन्या बॅचेस प्रदर्शनाला येऊ लागल्या. शेजारच्या गावांतूनही काही आले. टॅम्सिनच्या म्हणण्याप्रमाणे तांबड्या चित्रापुढे कुणी पाच मिनिटं थांबत नव्हतं आणि मेरीपुढे बाक टाकावा लागला. खाटकाच्या दुकानात अल्विन गेला की बोलणं थांबायचं. कुणी त्याला वाईट शब्द बोललं नाही. उलट सगळे फार जपून बोलायचे, आजारी माणसाशी बोलतात तसं. जॉसलिनने घरी फोन केला, रडली, म्हणाली, मला काय ठाऊक हो, मी नाही नाही ते बोलून गेले, माफ करा. पण मार्चच्या वर्गाला ती आली नाही. लायनेल आला, एकटाच. दोघं नगरपालिकेने वर्गासाठी दिलेल्या खोलीत वीस मिनिटं बसले. लायनेलने मासेमारीच्या गोष्टी सांगितल्या. एप्रिलपासून अल्विनने वर्गच बंद केला.

ग्लेनिस मात्र दर मंगळवारी बाजार करून परत येताना कलादालनात जायची. किती वेळ बसायची, काय बघायची, त्याने विचारलं नाही. एकदा तिच्याबरोबर शेतावरची कोणी अनोळखी बाई घरी चहाला आली. दोघी अंगणात दीड तास बसल्या. त्या बाईचंही मूल गेलेलं होतं, एवढं त्याला खिडकीतून ऐकू आलं. त्या बोलताना मध्येच हसल्याही, आणि त्या हसण्याचा त्याला राग आला, आणि राग येतोय याची लाज वाटली, पण राग गेला नाही.

त्याने स्वतः पुन्हा लिहून बघितलं. पडवीत बसून, पहिल्यापासून. या वेळी ओवेनचं नाव घालून. 'ओवेन' लिहिलं की पुढे काय लिहायचं ते कळेना. केस कसे होते ते फोटोवरून लिहिता आलं असतं. निळा स्वेटरही फोटोत होता. फोटोत नाही असं काही आठवावं म्हणून तो तास तास बसला. आठवायचं ते त्या काळात त्याने पाहिलेल्या चित्रांचं. ओवेन गेला त्याच वर्षी मेमध्ये शहरात फ्रेंच चित्रांचं प्रदर्शन आलं होतं. त्यातलं कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर होतं तेसुद्धा त्याला अजून सांगता येत होतं. ओवेनला तो बरोबर घेऊन गेला होता, की मेलबर्नच्या मावशीकडे ठेवलं होतं? सांगता येईना. हे ग्लेनिसला विचारता आलं असतं. त्याने विचारलं नाही.

एप्रिलमध्ये चित्रं खोक्यांत घालून परत गेली.

घरात फारसं काही बदललं नाही. जेवण वेळेवर व्हायचं, औषधांच्या गोळ्या डबीत भरून ठेवलेल्या असायच्या. फक्त अल्विन चित्रांबद्दल बोलेनासा झाला, आणि चित्रं वजा केल्यावर आपल्याकडे बायकोशी बोलायला फारच थोडं आहे हे त्याच्या लक्षात आलं. ग्लेनिसला ते खटकत असावं असं दिसलं नाही. ती जेवताना रेडिओ लावू लागली.

जूनमध्ये इथला हिवाळा सुरू झाला, थंडी पडली. एका रविवारी दुपारी ब्रॉनविनचा पर्थहून फोन आला. ग्लेनिस स्वयंपाकघरात भोपळा चिरत होती, फोन अल्विनने घेतला. इकडचं तिकडचं झालं. मग ब्रॉनविन जरा अडखळत म्हणाली, "बाबा, एक विचारू? मला टॅम्सिनने त्या मजकुराचा फोटो पाठवला होता. तेव्हापासून मी... तुम्ही दोघं कधी बोललाच नाहीत ना त्याच्याबद्दल. मला फोटोतला ओवेन माहितीये. पण तो बोलायचा कसा? आवाज कसा होता त्याचा? बोबडा होता का?"

अल्विनने तोंड उघडलं. "तो..." तो म्हणाला. "चार वर्षांची मुलं बोलतात ना, तसाच..."

पलीकडे ब्रॉनविन वाट बघत होती. त्याने ग्लेनिसकडे पाहिलं. तिने सुरी खाली ठेवली होती आणि ती त्याच्याकडेच बघत होती. तो सांगेल का, काय सांगेल, हे तिला खरोखरच ऐकायचं होतं असं त्याला वाटलं, आणि म्हणून ते आणखी कठीण झालं.

"मला नीट आठवत नाही, बाळा," तो म्हणाला.

ग्लेनिसने ॲप्रनला हात पुसले, जवळ येऊन त्याच्या हातातून फोन घेतला. "ब्रॉन? मी बोलतेय. बोबडा कसला, खणखणीत बोलायचा. फक्त 'र' म्हणता यायचा नाही त्याला. आणि ऐक, त्याला झोपताना मोठ्याने आकडे म्हणायची सवय होती, सतराच्या पुढे नेहमी चुकायचा..."

बोलत बोलत ती पुढच्या खोलीत गेली. अल्विन दोन पावलं मागोमाग गेला. सतराच्या पुढे तो काय म्हणायचा ते त्याला ऐकायचं होतं. ग्लेनिसने पाठीमागे न बघता दार पायाने लोटलं. आतून तिचा आवाज येत राहिला, शब्द कळत नव्हते. बऱ्याच वेळाने ती हसली. अल्विन स्वयंपाकघरात परत आला, आणि उरलेला भोपळा चिरायला घेतला.